मास्तरांनी सही करायची नाही असे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, शिलाई मशीनचा दुरुस्तीवाला व विक्रेता, बाजारात 'कानवाले' म्हणून ओळखला जाणारा, राहणार माझ्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि वर त्यांच्या पंख्याचे बेअरिंग गेले आहे तेही सांगितले. हात थोडा कापतो, पण सहीपुरता थांबतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणणारे बरेच होते; ते दमले.

कलम एक. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करीत आहे. ते का रद्द करावे लागले हे कळायला आमच्या दुकानाची रीत सांगितली पाहिजे.

मशीन मी दुरुस्त करतो. स्क्रू ड्रायव्हरचे टोक मशीनला आणि मूठ कानाला लावली की दुखणे कुठे आहे ते मला ऐकू येते. 'कानवाले' हे नाव त्यावरून पडले. दुरुस्त झालेल्या मशीनवर मास्तर कापडाची एक पट्टी शिवून बघतात. मास्तर म्हणजे शिंपी. दुकानाची उजवी बाजू माझी, डावी त्यांची. पट्टी बरी निघाली की ती मशीनच्या चिठ्ठीला टाचायची. 'दुरुस्त केले' यापुढे माझी सही, 'तपासून पाहिले' यापुढे त्यांची. दोन सह्यांशिवाय आमच्या दारातून काहीही बाहेर गेलेले नाही.

पहिले मृत्युपत्र मी स्वतः बसून लिहिले. घर, दुकान, सगळे मास्तरांना. सही केली आणि सवयीने कागद डावीकडे सरकवला. मास्तरांनीही सवयीने सही केली. शेजारच्या चष्मेवाल्यांची दुसरी सही घेतली. मग मास्तरांनी कागदाला एक पट्टी टाचली आणि आम्ही दोघे निश्चिंत झालो.

वकीलबाईंच्या हातात तो कागद गेला तेव्हा त्यांनी आधी पट्टीच उचलली.

"काका, हे काय?"

"पट्टी."

"मृत्युपत्राला?"

"आमच्याकडून पट्टीशिवाय काही जात नाही."

त्या हसल्या. मग खालच्या सह्या वाचल्या आणि हसू गेले. "अहो काका, ज्यांना द्यायचं त्यांचीच साक्ष घेतलीत? लाभ घेणारा साक्षीदार झाला की त्याचा लाभ बाद होतो. या कागदाने मास्तरांना एक सुईसुद्धा मिळणार नाही."

मी म्हणालो, "पण कायद्याने तर मास्तर माझे कोणीच नाहीत. परक्या माणसाची साक्ष चालते ना?"

"साक्षीला ते परके नाहीत काका. लाभार्थी आहेत."

म्हणजे माझे म्हणायला परके, आणि परके म्हणून सही करायला जवळचे! असा गुंता मी आयुष्यात फक्त एकदा पाहिला होता. त्या मशीनमध्ये उंदराने घर केले होते.

कलम दोन. माझे राहते घर, खालचे दुकान, दुकानातील सर्व माल, आणि बँकेत जे काही पडून असेल ते, मी मास्तरांना पूर्ण मालकी हक्काने देत आहे. त्यांनी राहावे, विकावे, रंग द्यावा. फक्त दुकानाला निळा रंग देऊ नये. या विषयावर आमचे एकमत कधीच झालेले नाही आणि मेलो म्हणून मी माघार घेणार नाही.

हे सगळे त्यांना का, याचे उत्तर कोर्टात कोणी विचारलेच तर असे. फार वर्षांपूर्वी एक उंच, बारीक तरुण शिंपी मशीन घेऊन माझ्याकडे आला. टाके सुटतात म्हणाला. मी कान लावला. मशीन ठणठणीत होते. तसे सांगितले. पुढच्या आठवड्यात तेच मशीन घेऊन तो पुन्हा आला. पुन्हा ठणठणीत. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी मशीनला कान लावलाच नाही. म्हणालो, "मशीनला काही झालेलं नाही. तुम्ही बसा." ते बसले. अजून बसलेले आहेत. गिऱ्हाइकांसमोर आम्ही एकमेकांना 'अहो-जाहो' करतो, वर आल्यावर 'अरे-तुरे'. जिन्यातल्या कुठल्या पायरीवर ते बदलते हे आम्हालाही माहीत नाही.

कलम तीन. हे मृत्युपत्र मुळात करावे का लागते, याची नोंद.

आमच्यासारख्यांच्या लग्नाचा खटला मोठ्या न्यायालयात चालला तेव्हा आम्ही दुकानात रेडिओ लावून तो ऐकला. माझ्या कानाने सांगतो: दोन्ही बाजूंचे वकील हुशार होते. आमच्या बाजूचे म्हणाले, घटनेने सगळ्यांना समान म्हटले आहे. एकाच कापडाचा अंगरखा देताना काहींच्याच बाह्या आखूड का? सरकारी वकील म्हणाले, लग्नाची व्याख्या समाजाने केली, ती बदलायची तर लोकांच्या प्रतिनिधींनी बदलावी, न्यायालयाने कात्री घेऊन बसू नये. आणि लग्नाचा एक धागा ओढला तर दत्तक, वारसा, पोटगी, किती कायदे उसवतील याचा विचार करा. हे बोलताना त्यांचा आवाज घट्ट होता, आणि मुद्दाही तसा हलका नव्हता. मग ते अपत्याकडे वळले. लग्न मुळात संततीसाठी असते, म्हणाले. एका न्यायमूर्तींनी हळूच विचारले, "मग साठीत लग्न करणाऱ्यांचं काय?" त्यानंतर रेडिओवर जी शांतता झाली ती मी ओळखतो. सुई खाली गेली आणि दोरा आला नाही, तसली.

दुकानात मात्र शांतता नव्हती. पडदे शिवणाऱ्या बाई बॉबिन घ्यायला आल्या होत्या. त्या रेडिओलाच म्हणाल्या, "अहो, मला मूल नाही. माझं लग्न काढून घेता का आता?"

आमचे निवृत्त हेडमास्तर पँट आखूड करून घ्यायला आले होते. ते म्हणाले, "तसं नव्हे बाई. एकदा दार उघडलं की उद्या कोणीही कोणाशीही लग्न करेल."

"करू दे की! तुम्हाला कोण विचारतंय?"

हेडमास्तर पँट न घेताच गेले. ती अजून हँगरला आहे. त्यांनी न्यावी, माझ्या मागे मास्तरांनी तिच्यावरून त्यांना टोचू नये.

निकाल लागला. वकीलबाईंनी तो मला समजेल असा सांगितला. एकत्र राहायला मनाई नाही, कोणी त्रास देऊ नये, पण लग्नाचा हक्क घटनेत सापडत नाही, कायदेमंडळाने बघावे. कायदेमंडळ म्हणाले, समाजाने बघावे. समाज तेव्हा आमच्याच दुकानात उसवलेली चेन बदलून घेत होता आणि घाईत होता.

मी म्हणालो, "म्हणजे टाके घाला, पण शेवटी गाठ मारू नका. बाई, गाठ नसलेली शिवण माणूस खाली बसेपर्यंतच टिकते."

"म्हणून तर मृत्युपत्र करायचं काका," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी मी सांगते तसं."

कलम चार. माझी शुद्ध हरपली तर माझ्या उपचारांचे निर्णय मास्तरांनी घ्यावेत. वेगळा अधिकारलेख सोबत जोडला आहे. मागच्या आजारपणात दवाखान्याच्या खिडकीत त्यांना 'नाते काय' असे विचारले. मास्तर सरळ माणूस. 'दुकान एकच आहे' म्हणाले. त्यांना बाकावर बसवून ठेवले आणि माझ्या बहिणीला बोलावणे धाडले. ती येईपर्यंत ते माझी चप्पल मांडीवर घेऊन बसून होते, असे तिनेच मला नंतर सांगितले. पुढच्या वेळी त्यांनी तो कागद दाखवावा आणि दुकानाचे नाव काढू नये.

कलम पाच. माझी हत्यारे. छोट्या स्क्रू ड्रायव्हरचा संच पडदेवाल्या बाईंना. मशीन स्वतः उघडायची हिंमत त्यांच्यात आहे, हिंमतीच्या मानाने हत्यार बरे असावे. तेलाची पितळी कुपी चष्मेवाल्यांना द्यायची होती, पण ते साक्षीदार आहेत, त्यामुळे त्यांना काही मिळणार नाही. कुपी त्यांनी तीनदा मागितली आहे. सही करताना त्यांचा चेहरा पाहावा. पलीकडच्या गल्लीतल्या मशीनवाल्याला, ज्याने 'तिथे मशीन देऊ नका, तिथलं वातावरण ठीक नाही' असे सांगत माझी गिऱ्हाइके फिरवली, त्याला मी माझी सगळी गिऱ्हाइके देतो. त्यांच्या तक्रारींसकट. सांभाळ म्हणावे.

कलम सहा. आमच्या वस्तीच्या प्रार्थनागृहाला तिथल्या शिवणवर्गासाठी दोन चालू मशीन, आणि तिथल्या मोठ्या गुरुजींना एक खुलासा.

मास्तर भाविक आहेत, मी नाही. ते दर आठवड्याला प्रार्थनेला जातात आणि शेवटच्या बाकावर बसतात. समोर मोठे गुरुजी पांढऱ्या झग्यात उभे राहून सांगतात की जोडी म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष, बाकी सगळे देवाच्या रचनेबाहेर. तो झगा मास्तरांनी शिवलेला असतो. मी एकदा चिडून म्हणालो, एक बाही उलटी लावून दे. मास्तर म्हणाले, "त्यांचं म्हणणं त्यांच्यापाशी. शिवण माझी आहे."

गुरुजी नव्या झग्याचे माप द्यायला आले तेव्हा मी उजवी बाजू सोडून डावीकडे गेलो. अंगभर टाचण्या लावलेला माणूस पळून जाऊ शकत नाही.

"गुरुजी, ग्रंथात आमच्यासारख्यांना जागा नाही म्हणता. ग्रंथात शिलाई मशीन तरी कुठे आहे? त्यावर शिवलेलं तुम्ही घालताच ना?"

"नियम मी केलेला नाही हो," ते म्हणाले. "मला तो सांभाळायला दिलाय."

"आणि दोन म्हातारी माणसं एकमेकांना सांभाळतात, त्याचं काय?"

"ते चांगलंच आहे."

"मग त्याला नाव द्या."

"नाव देणं माझ्याकडे नाही."

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यातूनच ते म्हणाले, "हात वर करा."

गुरुजींनी दोन्ही हात वर केले. तशा उभ्या राहिलेल्या माणसाशी आणखी काय वाद घालायचा? पण हात खाली आल्यावर ते जे बोलले ते इथे लिहून ठेवणे माझे काम आहे. "कानवाले, मी उद्या तुम्हाला आशीर्वाद दिला तर निम्मे लोक उठून जातील. आणि उठून जातील ते बहुतेक म्हातारे, एकटे. त्यांना ही एकच जागा आहे जायला. त्यांना मी काय सांगू?" मास्तरांनी टाचण्या काढल्या आणि चहा मागवला.

खुलासा असा. माझ्या अंत्यविधीत गुरुजींनी जरूर बोलावे, त्यांचा आवाज चांगला आहे. मला 'अविवाहित' मात्र म्हणू नये. 'विवाहित' म्हणता येत नसेल तर तेवढे गाळून पुढे जावे. वर गेल्यावर त्याबद्दल मी स्वतः विचारून घेईन. आणि त्या दिवशी मास्तरांना पहिल्या बाकावर बसवावे. याला ग्रंथाची हरकत असल्याचे मी ऐकलेले नाही, आणि माझे कान चांगले आहेत.

कलम सात. हे कलम माझ्या धाकट्या बहिणीच्या सांगण्यावरून रिकामे ठेवले आहे.

रिकामे का, ते लिहितो. यात तिला आईचे मशीन दिलेले होते. आईने त्या मशीनवर लोकांचे कपडे शिवून आम्हाला वाढवले. अंथरुणात पडल्यापडल्या मी त्याच्या आवाजावरून ओळखायचो, आज आई रागात आहे की दमली आहे. माझे कान तिथे तयार झाले. बहिणीला ते मशीन लग्नातच हवे होते. मी दिले नाही. त्यावरून तिने मला सणसणीत बोल लावले आणि ते तिच्या हक्काचेच होते.

बहीण प्रार्थनागृहात पहिल्या बाकावर बसते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती वर आली आणि पदर खोचून म्हणाली, "दादा, देवानेही नाही म्हटलं, कोर्टानेही नाही म्हटलं. आता तरी?"

"आता तरी काय? मास्तरांना परत पाठवू?"

"परत कुठे?"

"तेच मी तुला विचारतोय."

ती भांडी विसळायला गेली. मास्तर पुसायला उभे राहिले. ही त्यांची जुनी पद्धत. ती त्यांच्याशी फार बोलत नाही, पण ओले ताट दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही.

आता अडचण अशी. मृत्युपत्र नसेल किंवा टिकले नाही, तर माझी वारस बहीण. तिचे व्यवहार बघतो तिचा मुलगा, माझा भाचा. भाचा जागांची खरेदी-विक्री करतो. मागच्या महिन्यात मला भेटायला आला आणि जाताना आमच्या जिन्यात उभा राहून फोनवर म्हणाला, "अडचण काही नाही. मामांच्या पश्चात आईच्या नावावर येईल. ते शिंपी? त्यांचा कायद्याने संबंध काय?" जिना अरुंद आहे आणि आवाज वर चढतो. मास्तरांनीही ऐकले. त्या रात्री ते म्हणाले, "अरे, माझं एक मशीन आणि एक ट्रंक आहे. कुठेही मावेन." एवढ्या वर्षांत मास्तरांनी माझ्यासमोर वाईट शिवलेली ती एकच गोष्ट.

वकीलबाई म्हणाल्या, "भाचा कोर्टात जाणार हे धरूनच चाला. चष्मेवाले शेजारी आहेत, त्यांना फितवलं म्हणेल. दुसरा साक्षीदार असा हवा की ज्याला यातून काही मिळत नाही आणि ज्याच्यावर शंका घेता येत नाही."

बहीण तेव्हा दाराशीच होती. आमच्या घरात कान माझ्या एकट्याचेच चांगले नाहीत.

"मी चालेन का?" तिने विचारले.

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला आईचं मशीन मिळतंय ना. मग नाही चालणार."

"खोडा ते."

मी म्हणालो, "अगं, आईचं मशीन!"

"ऐकू आलं मला. खोडा म्हणते ना."

"आणि तुझा धर्म? देवाने नाही म्हटलंय ना?"

"देवाने खोटी साक्ष देऊ नको म्हटलंय. खरी लपवू नको असंही म्हटलंय. तुमचं लग्न आहे की नाही, मला माहीत नाही, मी पाहिलेलं नाही. दवाखान्यात तुझी चप्पल मांडीवर घेऊन कोण बसलं होतं, ते मी पाहिलंय. तेवढं सांगायला मला कोणाला विचारावं लागत नाही."

"मुलगा बोलायचा नाही तुझ्याशी."

"बोलेल. मी स्वयंपाक करते त्याचा."

म्हणून कलम सात रिकामे. आईचे मशीन आता बाकीच्या सामानाबरोबर मास्तरांकडे जाईल. ते पुढे कोणाला देतील हे मला पक्के ठाऊक आहे, पण वकीलबाईंनी ते लिहायला सक्त मनाई केली आहे.

कलम आठ. माझ्या भाच्याला मी कपाटातल्या वरच्या फळीवरची लहान मुलाची करडी पँट देतो. ती त्याचीच आहे. लहानपणी तो आम्हाला 'मशीनमामा' आणि 'शिलाईमामा' म्हणायचा. ही पँट शिलाईमामांनी शिवली, आणि वडील गेल्यानंतर आईकडे नवे कपडे घ्यायला पैसे नव्हते तेव्हा तो उंच झाला की दर वेळी खालची दुमड उसवून वाढवून दिली. एकाखाली एक अशा दुमडींच्या रेघा अजून दिसतात. जागा मोजायची त्याची लेझरची टेप त्याने त्यावर धरून बघावी आणि संबंध किती भरतो ते स्वतः मोजावे. मी त्याच्यावर रागावलेलो नाही. पोर हिशेबी आहे, हे माझ्यावर गेले. फक्त जिन्यात बोलू नये.

कलम नऊ. मास्तर माझ्याआधी गेले, तर वरील सर्व बाद समजून मी नवे मृत्युपत्र करीन. करण्याची इच्छा राहिली नाही, तर वकीलबाईंनी येऊन माझ्या मागे लागावे.

कलम दहा. या मृत्युपत्राची व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी. कायदा बदललाच आणि आम्ही दोघे तेव्हा असलो, तर आम्ही नोंदणी कार्यालयात जाऊ, मी नवा शर्ट घालीन, आणि हा कागद फाडायला मला अतिशय आनंद होईल. तोपर्यंत आमची गाठ ती हीच.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, आणि दोन ठिकाणी वकीलबाईंचा आवाज बदलला तेही ऐकले. सही होताना मास्तरांनी खोलीत थांबायचे नाही असे ठरले असल्याने ते खाली आहेत. कोणाचे तरी मशीन तपासत आहेत. पट्टी जरा घाईत चालली आहे; एरवी ते अशी घाई करत नाहीत.

ठिकाण: दुकानाच्या वरची पुढची खोली
वार व तारीख: सोमवार, नऊ फेब्रुवारी

मृत्युपत्र करणार: (सही) कानवाले

साक्षीदार पहिले: (सही) शेजारचे चष्मेवाले. कुपीबद्दल माझी तक्रार नाही.

साक्षीदार दुसरी: (सही) मृत्युपत्र करणाऱ्याची बहीण. दादाने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर होता, जास्तच होता. मास्तर तेव्हा खोलीत नव्हते. यातले मला काही मिळणार नाही आणि मला काही नको. हे लग्न आहे असे मी लिहून देत नाही. हे घर त्या दोघांचे आहे, ते मी पाहिले आहे, आणि जिथे विचाराल तिथे सांगेन.

तपासून पाहिले:

(ही जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे. इथे कोणीही सही करू नये. ती ज्यांची आहे त्यांना आता वर बोलवा, म्हणावे झाले, चहा ठेवतोय.)